जाफराबादचा 'बाद' आणि जिंदाबादचा 'बाद'

मंडळी, आज चक्क व्याकरणाबद्दल लिहिणार आहे. लगेच पान बंद करू नका. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांतलाच मीही. पण जुने कागद वाचायचे म्हणून फारसी शिकायला घेतली, आणि तिथल्या एका क्रियापदाच्या रूपाने मला थेट आमच्या जालना जिल्ह्यात, जाफराबादेत आणून सोडलं. त्याची ही हकीकत.

आधी एक गंमत. मराठीत आपण कमीत कमी चार वेगवेगळे 'बाद' वापरतो आणि चारही सारखेच लिहितो. जाफराबाद-औरंगाबादमधला एक. जिंदाबाद-मुर्दाबादमधला दुसरा. बरबादमधला तिसरा. आणि क्रिकेटमध्ये फलंदाज होतो तो 'बाद' चौथा. एकाच घरातले चार भाऊ वाटतात ना? प्रत्यक्षात चौघांची आडनावं वेगळी आहेत.

चौथा सोपा. तो अरबी 'बअद' म्हणजे 'नंतर'. वजाबाकीत बाद करणं, यादीतून बाद होणं, सगळं त्याच्यातून आलं. बरबादमधला 'बाद' म्हणजे फारसीत वारा. हा आपल्या 'वात' शब्दाचा सख्खा नातेवाईक. 'बर बाद' म्हणजे वाऱ्यावर. वाऱ्यावर उधळलं ते बरबाद झालं. उरले दोन, जाफराबादचा आणि जिंदाबादचा. माझं म्हणणं या दोघांबद्दल आहे.

जाफराबाद कुठे आहे हे नातेवाइकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर आहे. याच केळनेच्या काठी, वरच्या अंगाला भोकरदन तालुक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई झाली ते असई. जाफराबादला तटबंदी होती, आत दगडी गढी होती. जुन्या गॅझेटियरात असं दिलं आहे की हा भाग जाफरखान नावाच्या सरदाराच्या जहागिरीत होता आणि गावाला नाव त्याचंच. तिथल्या मोठ्या मशिदीवर फारसी शिलालेख असल्याची नोंदही त्यात आहे. औरंगजेबाच्या हुकमाने बांधकाम, साल हिजरी १०७६. म्हणजे इ. स. १६६५-६६. आता योगायोग बघा, 'जाफर' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच ओढा, लहान नदी. नदीकाठच्या गावाला नदीच्याच नावाच्या माणसाचं नाव!

तर 'आबाद'. 'आब म्हणजे पाणी, पाणी आहे तिथे वस्ती, म्हणून आबाद' असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान आहे, आणि संगमावरच्या गावाला तर अगदी शोभतं. पण भाषेचे अभ्यासक वेगळी व्युत्पत्ती देतात. जुन्या इराणी भाषेतला 'पा' म्हणजे राखणे हा धातू, तोच जो आपल्या 'गोप' आणि 'नृप' या शब्दांत आहे. त्याला 'आ' लागून झालेलं भूतकाळवाचक धातुसाधित म्हणजे 'आबाद'. राखलेलं, जोपासलेलं, आणि म्हणून वसलेलं. 'केलेलं', 'लिहिलेलं', 'वसवलेलं' ही आपली रूपं जशी असतात तसंच. सांगायचा मुद्दा हा की आबाद म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. जाफराबाद म्हणजे जाफरने वसवलेलं. काम झालं, गाव उभं आहे, विषय संपला.

जिंदाबादचं तसं नाही. तिथला 'बाद' हे आख्खं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'होवो, असो'. जिंदाबाद म्हणजे जिवंत राहो. मुबारकबाद म्हणजे शुभ होवो. 'इन्किलाब जिंदाबाद' ही हसरत मोहानींनी दिलेली घोषणा भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला मध्यवर्ती कायदेमंडळात दिली, तेव्हा क्रांती झाली असं ते सांगत नव्हते. क्रांती चिरंजीव होवो असं म्हणत होते. जे अजून नाही, किंवा आहे पण टिकेल की नाही ठाऊक नाही, त्याबद्दलच हा 'बाद' बोलतो.

या 'बाद'चं कूळ मोठं जुनं आहे. फारसीत 'असणे'साठीचं जुनं रूप 'बवाद', ते आक्रसून 'बाद' झालं. ज्या 'भू' धातूपासून आपलं 'भवति' येतं त्याचाच हा इराणी अवतार. संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल, पाणिनीच्या दहा लकारांमध्ये एक 'लेट्' आहे. तो फक्त वेदात सापडतो, पुढच्या संस्कृतात नाहीसा झाला. 'भवति' म्हणजे होतो, पण लेट् मधलं 'भवाति' म्हणजे होईल, होवो, व्हावं. मधला 'अ' लांबवला की घडणारी गोष्ट मनातली गोष्ट होते. 'बाद'मधला तो लांब 'आ' याच जातीचा. म्हणजे वेदातला जो लकार आपल्या शास्त्रीबुवांकडून हरवला, त्याचा चुलतभाऊ आपल्या मोर्चांमध्ये रोज ओरडला जातोय. मला हे कळलं त्या दिवशी रात्री नीट झोप लागली नव्हती!

आता आजच्या फारसीकडे येतो. 'मीरवद' म्हणजे तो जातो. (हा 'मी' म्हणजे आपला 'मी' नव्हे, चालू क्रिया दाखवणारा उपसर्ग आहे. पहिले दोन आठवडे मराठी माणूस इथेच अडखळतो.) 'मी' काढून 'बि' लावला की 'बिरवद'. याचा अर्थ तो जावो, त्याने जावं, तो गेला तर. फारसी व्याकरणकार याला 'मुज़ारे इल्तिज़ामी' म्हणतात. 'बायद' म्हणजे पाहिजे. हा शब्द आला की पाठोपाठ हे रूप आलंच. 'बायद बिरवम', मला जायला हवं. 'शायद' म्हणजे कदाचित. त्याच्यामागेही हेच. 'शायद बियायद', कदाचित येईल. 'अगर' म्हणजे जर. 'अगर बारान बियायद', पाऊस आला तर.

आपल्या मराठीने हेच काम तीन-चार जणांत वाटून दिलंय. दामल्यांच्या व्याकरणात क्रियापदाचे चार 'अर्थ' आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'जातो' हा स्वार्थ, म्हणजे आहे ते सांगणं. 'जा', 'जावो' हा आज्ञार्थ, 'जावे' हा विध्यर्थ आणि 'जाता तर' हा संकेतार्थ. फारसीतलं हे एक रूप मराठीत आणताना कधी 'जावो' करावं लागतं, कधी 'जावे', कधी 'गेला तर'. 'खुदा न कुनद' आणि 'देव न करो' मात्र तंतोतंत एकसारखे. आणि 'शाबास'! ते मूळचं 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. 'बाश' हे त्याच 'असणे'चं आज्ञेचं रूप, आणि 'असो, असावा' यासाठी आजची फारसी जे 'बाशद' वापरते ते त्याच्याच शेजारचं. आजी पाठीवर हात ठेवून 'शाबास' म्हणायची तेव्हा ती अस्सल फारसीत आशीर्वाद देत होती.

अजून एक जोडी मला फार आवडते. 'रफ़्ता बाशद'. रफ़्ता म्हणजे गेलेला, बाशद म्हणजे असावा. 'शायद रफ़्ता बाशद', तो गेला असावा. घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचा तर्क सांगायची रचना दोन्ही भाषांत अगदी सारखी. इतिहासाच्या पुस्तकात 'असावा' किती वेळा येतो ते एकदा मोजून बघा.

इथपर्यंत भाषेची मौज झाली. पण इतिहास वाचणाऱ्याला हे का माहीत हवं?

शिवकालाच्या आधीचे आणि शिवकालातले मराठी कागद पाहिलेत तर वरच्या मायन्यात एक विचित्र शब्द भेटतो, 'बिदानद'. अमुक ठाण्याकडून अमुक गावच्या मोकदमांना, 'बिदानद', आणि मग साल आणि मजकूर. मोडी वाचणारे तो शब्द ओळखतात आणि बहुतेक वेळा पुढे जातात. पण तोडून बघा. 'बि' आणि 'दान' आणि 'अंद', म्हणजे बिदानंद. त्यांना कळावे. त्यांनी जाणावे. वर सांगितलेलंच रूप, अनेकवचनी. मराठीत येताना अनुस्वार गळला इतकंच.

आणि त्याच कागदांच्या शेवटी काय असतं? 'जाणिजे'. जुन्या मराठीत याचाही अर्थ तोच, जाणावे. फारसी 'दान' आणि मराठी 'जाण' हे एकाच मूळ धातूचे दोन वंशज आहेत, संस्कृतातल्या 'जानाति'चे. म्हणजे एकच इच्छा कागदाच्या वरच्या टोकाला फारसीत आणि खालच्या टोकाला मराठीत. कारकुनाला हे नातं ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण दोन चुलतभाऊ एकाच कागदावर शेकडो वर्षांनी भेटले.

'जाणिजे'च्या पुढे बहुधा 'मोर्तब सुद' असतं. 'शुद'चं झालं 'सुद'. शुद म्हणजे झालं, सरळ भूतकाळ. मोर्तब झालं. आपण अजून 'शिक्कामोर्तब' म्हणतो ते यातलंच. नावापुढे 'दाम दौलतहू' असेल तर ते अरबी. त्याची दौलत टिको. तिथे क्रियापद दिसायला भूतकाळी असतं आणि अर्थ मात्र इच्छेचा, अरबीची ती रीतच आहे.

आता सगळा कागद डोळ्यांपुढे आणा. नावापाशी शुभेच्छा: टिको. सुरुवातीला इच्छा: कळावे. मधे हुकूम: द्यावे, करावे, चालवावे. शेवटी पुन्हा जाणावे. आणि पूर्ण झाल्याचं सांगणारी गोष्ट एकच, शिक्का. मजकुरातलं काम झालं का, हे त्या कागदाला माहीतच नाही. मोर्तब झालं एवढंच तो छातीठोकपणे सांगतो.

मोगल दरबारच्या अखबारांमध्येही हाच साचा. 'हुक्म शुद कि...', म्हणजे हुकूम झाला की, आणि पुढे 'असं करावं'. 'शुद' पक्कं आहे. 'की'च्या पुढचं सगळं हवेत आहे. ते झालं की नाही हे दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीतून शोधावं लागतं. त्यातून जुन्या लेखनात तो 'बि' पुष्कळदा लिहीतच नसत. मग नुसतं 'कुनद' दिसतं आणि 'करतो' की 'करावं' हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. वाचणाऱ्याची खरी परीक्षा तिथे.

एक उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. १६ जून १६५९. अली आदिलशहाने कारीच्या कान्होजी जेध्यांना फारसी फर्मान पाठवलं. आशय असा की शिवाजीवर अफझलखानाची नेमणूक केली आहे, तुम्ही खानाकडे जावं, त्याच्या सांगण्याप्रमाणे वागावं, शिवाजीचा बीमोड करावा. बादशहाचा हुकूम, बादशहाचा शिक्का. समजा त्या काळचे बाकीचे सगळे कागद जळून गेले असते आणि हे एकच फर्मान हाती लागलं असतं, तर एखाद्या घाईच्या इतिहासकाराने लिहून टाकलं असतं की १६५९ मध्ये कान्होजी जेधे अफझलखानाच्या फौजेत होते. प्रत्यक्षात काय झालं? कान्होजी मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे गेले, आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली जेधे कोणाच्या बाजूने उभे होते ते आपण सगळे जाणतो. फर्मान खोटं नाही. ते जे सांगतं ते खरंच आहे: जावं, करावं. 'गेला' असं ते कुठेच म्हणत नाही. 'जावे' आणि 'गेला' यांच्यामध्ये कान्होजींनी घेतलेला निर्णय होता. त्या निर्णयावर मराठ्यांचा पुढचा इतिहास उभा राहिला.

म्हणून मला हे व्याकरण कोरडं वाटत नाही. हुकमाच्या क्रियापदाला घडल्याचं क्रियापद समजणं म्हणजे ज्याला हुकूम गेला त्या माणसाला इतिहासातून पुसून टाकणं. त्याने ऐकलं असेल, टाळलं असेल, अर्धवट केलं असेल, सरळ मोडलं असेल. हल्ली फर्मानांचे फोटो मोबाइलवर फिरतात, खाली दोन ओळींचं भाषांतर आणि मग भांडणं. दोन्ही बाजूंनी. कोणी विचारत नाही की बाबा रे, यातलं क्रियापद कोणतं? 'व्हावं' आहे की 'झालं'? कधी दोन्ही सापडतात, हुकूम एका नोंदीत आणि तो पाळल्याची बातमी दुसऱ्या नोंदीत. मग शंका राहत नाही. पण दुसरी नोंद शोधायचे कष्ट घ्यायला हवेत.

असे कष्ट घेणारे लोक आपल्याकडे झाले आहेत. माधव ज्युलियन आपल्याला कवी म्हणून माहीत, पण हे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली निघाला. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून ऐतिहासिक फारसी कागदांचे खंडच्या खंड मराठी भाषांतरासकट काढले. सेतुमाधवराव पगडी तर आमच्या मराठवाड्याचे, निलंग्याचे. मोगल दरबारची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. आणि मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत राहून, मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत पुस्तक लिहिलं. या लोकांनी एकेका 'शुद' आणि 'बाशद'वर डोळे शिणवले म्हणून आज आपल्याला आयतं वाचायला मिळतं.

शिवाजीराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तिथे मुख्यतः नामं आहेत, पदांची, वस्तूंची, कारखान्यांची. नाव बदललं तरी 'करावे' आणि 'केले' यांतला फरक मात्र कुठल्याच भाषेत मिटत नाही. बरं, राजांच्या मुद्रेतलं क्रियापद आठवा. ते इच्छेचं नाही, भूतकाळाचंही नाही. वर्तमानकाळ आहे, शोभते आहे. फारसी मायन्यांच्या त्या जगात हा वेगळाच सूर होता.

आता जरा घरातल्यांसाठी. आपल्यापैकी बऱ्याच घरांत एखादा जुना कागद असतो. सनद म्हणा, ताकीद म्हणा, नाहीतर निजामी काळात अतियात खात्याने इनामाची चौकशी करून दिलेला मुंतखब. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरकारी कारभार फारसीत होता, मग उर्दू आली, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर हळूहळू मराठी. त्यामुळे आमच्याकडच्या कागदांत या तिन्ही भाषा एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असतात. घरात त्या कागदावरून एक गोष्ट चालत आलेली असते: पणजोबांना अमुक गाव इनाम मिळालं होतं, तमुक देवस्थानाची जमीन आपल्याकडे होती. त्या गोष्टीवर कधी अभिमान उभा असतो, कधी भाऊबंदकी. तो कागद जाणकाराकडून वाचून घ्याल तेव्हा नावं आणि बिघे यांच्या आधी एवढंच विचारा: क्रियापद काय आहे? 'द्यावे' असेल तर देण्याचा हुकूम होता एवढंच कळलं. 'दिले' असेल तर दिलं. आणि वाचणारा 'दिले असावे' म्हणाला तर रागावू नका, तो प्रामाणिक माणूस आहे.

जाफराबादबद्दलही हेच म्हणेन. मशीद दगडात उभी आहे म्हणून तिच्याबद्दल 'झालं' म्हणता येतं. गाव जाफरखानाने वसवलं असावं, कारण नाव तसं सांगतं आणि गॅझेटियर त्याला दुजोरा देतं. तरी एवढ्यावर 'असावं'च म्हणावं. आणि पुढचं? केळना-पूर्णेला पाणी राहो, तटाचे उरलेसुरले दगड जागेवर राहोत, आणि त्या शिलालेखाचा नीट ठसा घेऊन कोणीतरी तो मराठीत छापावा. हे सगळं अजून जिंदाबादच्या 'बाद'मध्ये आहे.

कोणाकडे 'बिदानद'वाला कागद असेल तर जरूर कळवा. सावकाश, दोघे मिळून वाचू.